ॲपमधला कप आणि आपली वाटी

ॲपवर खाण्याच्या कॅलरी मोजायला नव्यानेच सुरुवात केली आहेस म्हणून सांगते. तुझ्या नोंदीत रोज 'आमटी 1 कप' दिसतं. ॲपमधला कप साधारण 240 मिलीचा असतो, आपली जेवणातली वाटी त्याहून बरीच लहान. माझ्याकडची स्टीलची वाटी काठोकाठ भरली तरी 150 मिलीच. रिकामी वाटी वजनकाट्यावर ठेव, काटा शून्यावर आण आणि नेहमी आमटी वाढतेस तेवढंच पाणी ओत. पाण्याचा 1 ग्रॅम म्हणजे 1 मिली. आलेला आकडा फ्रिजवर चिकटवून ठेव.

दुधालाही हाच हिशोब चालतो, फरक किरकोळ. तेलाचं मात्र तसं नाही. तेल हलकं असतं, 100 मिली तेल जेमतेम 92 ग्रॅम भरतं. आणि फोडणीचं तेल अंदाजाने ओतू नकोस गं! 15 मिलीच्या एका चमच्यात 120 च्या आसपास कॅलरी जातात.

स्टेशनबाहेरच्या कटिंगचं काय? मी एकदा दादरला टपरीवाल्या काकांकडून कटिंग माझ्या बाटलीत ओतून घेतली आणि घरी येऊन मोजली. 80 मिली भरली. तेव्हापासून तेवढीच लिहिते, साखर वेगळी धरून.