माहेरी पोट बरं, सासरी बिघडतं

मावशी, मी ३३ वर्षांची. माहेर सोलापूरकडचं, सासर नाशिकला. शाळेत शिकवते. कसलंही डाएट न करता आठ महिन्यांत वजन ५७ वरून ४९ वर आलंय. शाळेतल्या बाया कौतुकाने विचारतात, ‘काय करतेस गं?’ पोट सतत फुगलेलं असतं, दिवसातून चार-पाचदा जावं लागतं, कधी रात्रीही उठते. शाळेत पंचाईत नको म्हणून अर्धाच डबा खाते. हिमोग्लोबिन ८.९ आहे, लोहाच्या गोळ्यांनी वाढलं नाही. डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटी आणि टेन्शन म्हणून गोळ्या दिल्या. दिवाळीत पंधरा दिवस माहेरी होते तेव्हा पोट बरंच हलकं होतं. तेव्हापासून सासूबाई म्हणतात, ‘आमच्या घरचं अन्न हिच्या अंगी लागत नाही.’ यांनाही वाटतं, मी सासरला नावं ठेवतेय. गहू बंद करून बघू का?

पोरी,

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर: गहू बंद करू नकोस. निदान तपासण्या होईपर्यंत तरी नाही. कारण पुढे सांगते.

प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून जास्त घटलं, तर डॉक्टर त्याचं कारण शोधतात. तुझ्या बाबतीत हा आकडा तीन किलोच्याही आत येतो, आणि तुझे गेलेत आठ. बायकांचं वजन उतरलं की लोक अभिनंदन करतात, ही आपल्याकडची एक खोडच आहे. तू मनावर घेऊ नकोस.

तुझी सासू जे बघतेय ते कदाचित बरोबर आहे, त्याचा अर्थ तेवढा चुकीचा लावतेय. तुझ्या माहेरी दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी होत असणार आणि सासरी चपाती, नाश्त्याला उपमा-शिरा. गहू, रवा, मैदा यांत ग्लुटेन असतं, ज्वारीत नसतं. सीलिअ‍ॅक नावाच्या आजारात ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. अस्तर सपाट होतं आणि खाल्लेलं शोषलं जात नाही. लोह शोषण्याची मुख्य जागा लहान आतड्याच्या सुरुवातीलाच असते, म्हणून गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हलत नाही. हा आजार उत्तरेकडे जास्त दिसतो, पण आपल्याकडेही सापडतो, आणि मोठ्या वयातही उघडकीला येतो.

त्यासाठी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करतात. प्रतिकारशक्तीने रक्तात तयार केलेल्या अँटिबॉडी ती शोधते. सोबत आयजीए या प्रकारच्या अँटिबॉडी एकूण किती आहेत, हेही बघतात. टीटीजी पॉझिटिव्ह आली तर एंडोस्कोपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, आतड्याचा बारीक तुकडा तपासतात. गहू आधीच सोडलास तर अँटिबॉडी कमी होतात, अस्तर भरून यायला लागतं आणि आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. मग बसा आयुष्यभर अंदाज बांधत.

पण मी काही डॉक्टर नाही आणि हे सीलिअ‍ॅकच आहे असा माझा दावाही नाही. आपल्या देशात अशा तक्रारीत आतड्याचा क्षयरोग विसरून चालत नाही. संध्याकाळी कणकण, रात्री घाम, बेंबीच्या उजवीकडे खाली दुखणं, असं काही असेल तर आवर्जून सांग. क्रोन्स हा आतड्याचा दुसरा आजार टीबीसारखाच दिसतो आणि चांगल्या डॉक्टरांनाही घोटाळ्यात पाडतो. पाण्यातून येणारा जिआर्डिया नावाचा परजीवी असतो, स्वादुपिंडाचे आजार असतात. थायरॉइड आणि साखर तर आधी बघून घ्यायचीच. टेन्शनने पोट बिघडतं हे खरं, पण त्याने सहसा झोपेतून उठून जावं लागत नाही आणि आठ किलोही जात नाहीत.

तेव्हा पोटविकारतज्ज्ञांकडे जा आणि तिथे लाजू नकोस. शौच तेलकट, पाण्यावर तरंगणारी, फार घाण वासाची असते का, हे डॉक्टरांना कळायलाच हवं. अर्धा डबा परत आणतेस हेही सांग, नाहीतर वजन न शोषल्यामुळे किती गेलं आणि न खाल्ल्यामुळे किती, हे त्यांना कसं समजणार? शौचातून रक्त पडलं, ती डांबरासारखी काळी झाली, उलट्या थांबेनात किंवा पोट फुगून वारा सरणंही बंद झालं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट दवाखाना गाठ.

टीबी निघाला तर सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत, आणि आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये मिळतात. सीलिअ‍ॅक निघालं तर औषध म्हणजे पथ्यच, तेही जन्मभराचं. तुला ते उत्तरेतल्या बाईइतकं जड जाणार नाही, भाकरी-भात तुझ्या सवयीचा आहे. पण गहू लपून येतो: मेतकुटात, थालिपिठाच्या भाजणीत, बाजारच्या डबीतल्या हिंगाच्या पुडीतही. गिरणीत गव्हामागून ज्वारी दळली तर पीठ भेसळलंच. त्यासाठी घरघंटी घ्यावी लागेल.

आणि घरच्यांचं. रिपोर्ट येईपर्यंत माहेर-सासर हा विषय काढूच नकोस, कोणी काढला तरी ‘तपासणी होऊ दे’ एवढंच म्हण. डॉक्टरांकडे मात्र नवऱ्याला सोबत ने आणि आत, खुर्चीवर बसव. तुझ्या तोंडून ऐकलं तर त्याला ती तक्रार वाटते, डॉक्टरांच्या तोंडून तो आजार वाटेल. शक्य असेल तर सासूबाईंनाही ने. तू माहेरी काय खातेस आणि इथे काय, हे डॉक्टरांनी विचारलं तर स्वयंपाकघराची खडान्खडा माहिती त्यांनाच असणार.

– मावशी