तिसरा रकाना
"मॅडम, खरं सांगा, मी उधळी आहे का?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिने विचारलं. मी समुपदेशक; हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो, शब्द तेवढे बदलतात. बायको म्हणते, नवरा चिक्कू आहे, पै-पैचा हिशेब मागतो. नवरा म्हणतो, हिच्या हातात पैसा टिकत नाही. आणि भांडून दमले की दोघंही तेच विचारतात: बायकांचा स्वभावच खर्चिक असतो का? पुरुष मुळातच हात आखडता घेणारे असतात का? त्यावर उत्तर देण्याऐवजी मी बहुतेकदा या जोडप्याची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती चाळिशीची, नोकरी करणारी. पगार नवऱ्यापेक्षा थोडा कमी. दोन मुलं. नवीन काही घेतलं की ती ऑफिसातच किमतीचं लेबल नखाने खरवडून काढायची. चिकट डाग राहिला तर सॅनिटायझरचा थेंब टाकून टिश्यूने पुसायची. पिशवी दोन दिवस गाडीच्या डिकीत, मग कपाटात मागच्या बाजूला. पंधरा दिवसांनी ते अंगावर घातलं की नवरा विचारायचा, "हे नवीन दिसतंय?" उत्तर ठरलेलं: "छे रे, कधीचं आहे. तुझंच लक्ष नसतं."

हे सांगताना ती हसत होती. मधेच थांबली आणि म्हणाली, "मी कमावते, तरी माझ्याच घरात चोरट्यासारखा माल आणते."

इथे माझी एक चूक कबूल करते. त्या पहिल्याच भेटीत मी मनाशी निकाल लावून टाकला होता: नवरा हुकूमशहा, बायको बिचारी. समुपदेशकाने असं करू नये हे मी नव्या मुलींना शिकवते, आणि स्वतः वर्षाला दोन-तीनदा तरी करते.

पुढच्या भेटीला तो आला. मृदू बोलणारा, जरा अवघडलेला माणूस. हातात घरखर्चाच्या तक्त्याचा छापील कागद, त्यावर पिवळ्या रंगाने अधोरेखित केलेल्या ओळी. "मॅडम, मी स्वतःवर काही उडवत नाही," तो म्हणाला आणि चक्क पाय उचलून बुटाचा तळवा दाखवला. टाचेकडचं रबर एका बाजूने पार झिजलेलं. "तीन वर्षं झाली. चालतोय ना? मग कशाला बदलायचा?"

"आणि कॅमेऱ्याची लेन्स?" ती.

"अगं, ती गुंतवणूक आहे."

"तू फोटो विकतोस?"

तो गप्प. मीही गप्प राहिले, पण हसू आवरायला मला पाण्याचा ग्लास उचलावा लागला.

मराठीत लिंगभेद नामांनाही असतो. काटकसर ती आणि उधळपट्टीही तीच. खर्च तो आणि हिशेबही तोच. भाषेने दोघांच्या पदरात दोन्ही टाकलंय. आपण मात्र घरात एकेकाला एकेक बिल्ला लावून मोकळे होतो.

अभ्यास काय सांगतात? स्कॉट रिक, सिंथिया क्रायडर आणि जॉर्ज लोवेनस्टाइन या अमेरिकी संशोधकांनी 2008 साली 13,000 हून अधिक लोकांच्या उत्तरांवर आधारलेला एक शोधनिबंध छापला. पैसे देताना माणसाला किती टोचतं, हे त्यांनी मोजलं. काहींना इतकं टोचतं की हवी असलेली, परवडणारी गोष्टही ते घेत नाहीत आणि मग हळहळतात. काहींना जवळपास टोचतच नाही, आणि त्यांची हळहळ उलट दिशेची असते. बहुसंख्य लोक यांच्या मधले. स्त्री-पुरुषांत फरक निघाला, पण आपण समजतो तसा नाही. पुरुषांमध्ये हात आखडणारे हात सैल असणाऱ्यांपेक्षा बरेच जास्त होते, आणि बायकांमध्ये दोन्ही टोकं जवळपास सारखी. म्हणजे 'बायका खर्चिक' हे त्यातून सिद्ध होत नाही.

याच मंडळींनी आणखी एक फरक दाखवला, तो मला जास्त उपयोगी वाटतो. काटकसरी माणूस वेगळा आणि चिकट माणूस वेगळा. काटकसरी माणसाला वाचवण्यात आनंद मिळतो, चिकट माणसाला देण्याचा त्रास होतो. बाहेरून दोघं सारखेच दिसतात, आतून एक मजेत असतो आणि दुसरा कासावीस. मी त्या गृहस्थांना विचारलं, "बूट न घेता पैसे वाचले, तेव्हा बरं वाटलं का?" त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "बरं नाही वाटलं. घ्यायला गेलो असतो तर वाईट वाटलं असतं, एवढंच." लहानपणी घरात पैशाचं नाव निघालं की आवाज चढायचे, हे त्यांनी पुढे दोन वाक्यांत सांगितलं. त्याहून जास्त ते कधी बोलले नाहीत, मीही खणलं नाही.

असे दोघं एकमेकांना सापडतात तरी कसे? रिक यांनी 2011 साली डेबोरा स्मॉल आणि एली फिंकेल यांच्याबरोबर नेमकं हेच तपासलं. हात आखडणारे आणि हात सैल असणारे एकमेकांकडे ओढले जातात, कारण प्रत्येकाला स्वतःचा स्वभाव खुपत असतो. पण लग्न झाल्यावर हाच फरक जितका मोठा, तितकी पैशावरून भांडणं जास्त. त्या दिवशी मी दोघांना विचारलं, लग्नाआधी काय आवडलं होतं? तो लगेच म्हणाला, "ही मनात आलं की करायची." ती म्हणाली, "हा मला ठाम वाटायचा." नंतर दोघं बराच वेळ जमिनीकडे बघत बसले.

मग मी त्यांना एक काम दिलं. सहा आठवडे दोघांनी आपापली वही ठेवायची, एकमेकांची बघायची नाही. तीन रकाने. पहिला: काय घेतलं. दुसरा: कोणासाठी. तिसरा: कोणाला विचारलं किंवा सांगितलं. रक्कम हवी तर बाजूला लिहा, पण ती माझ्यासाठी दुय्यम आहे, असं मुद्दाम सांगितलं.

सहा आठवड्यांनी तिच्या वहीत 112 नोंदी होत्या, त्याच्या वहीत 19. आकडे ऐकून तो खुर्चीत सरसावून बसला, जणू खटला जिंकला. मग आम्ही दुसरा रकाना वाचला. तिच्या 112 पैकी स्वतःसाठी होत्या नऊ. बाकी मुलांच्या वह्या, साबण, सासूबाईंची औषधं, कुणाच्या तरी वाढदिवसाची भेट, गळक्या नळाची चकती. या नोंदी खर्चाच्या कमी आणि कामाच्या जास्त होत्या. घराला काय लागतं हे लक्षात ठेवण्याचं काम तिचं, म्हणून पैसे द्यायची वेळही तिचीच. रोज थोडे जातात आणि डोळ्यांसमोर जातात. त्याचे कमी वेळा, पण ठोक. त्याच्या वहीतल्या तीनच नोंदी मिळून तिच्या त्या नऊंपेक्षा कितीतरी पुढे गेल्या.

तिसऱ्या रकान्याने मात्र मलाच गप्प केलं. तिच्या वहीत तो भरगच्च होता: विचारलं, सांगितलं, अर्धंच सांगितलं, लपवलं. त्याच्या वहीत वरपासून खालपर्यंत कोरा. मला वाटलं, भरायला विसरला.

"विसरलो नाही," तो म्हणाला. "पण कोणाला विचारायचं?"

त्यात उर्मटपणा नव्हता. त्याला खरंच प्रश्न पडला होता. आणि ती त्याच्याकडे अशी बघत होती, जणू इतकी वर्षं हरवलेली वस्तू समोरच्या टेबलावर पडलेली दिसली.

हा रकाना काही या दोघांनी शोधून काढलेला नाही. फ्रान्समध्ये लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय स्वतःचं बँक खातं उघडता येऊ लागलं ते 1965 च्या कायद्याने. कर्ज देताना बाई-पुरुष किंवा विवाहित-अविवाहित असा भेद करायला अमेरिकेत कायद्याने बंदी आली 1974 साली. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी त्यानंतर जन्मल्या आहेत. परवानगी मागण्याची सवय मात्र कायद्याच्या मागून रेंगाळत येते.

त्याच्या वहीत एक गोष्ट मुळातच नव्हती, ती तिने काढली. तो फोनवर शेअर घ्यायचा आणि विकायचा. "तो खर्च नाही," त्याचं म्हणणं. मी त्याला ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडियन यांचा 2001 सालचा अभ्यास सांगितला. एका अमेरिकी ब्रोकरच्या 35,000 हून अधिक घरांची खाती, 1991 ते 1997 या काळातली. पुरुषांनी बायकांपेक्षा 45 टक्के जास्त उलाढाल केली. या खरेदी-विक्रीमुळे पुरुषांच्या निव्वळ परताव्यात वर्षाला 2.65 टक्क्यांची घट झाली, बायकांच्या 1.72 टक्क्यांची. म्हणजे फाजील आत्मविश्वासाचंही बिल येतं, त्याची पावती कुणी कपाटात लपवत नाही एवढंच. तो म्हणाला, "मी हिशेब काढून बघतो." पुढच्या वेळी विषय निघाला नाही. हिशेब काढला असावा.

इथवर वाचून कुणाला वाटेल, बाईच बरोबर. मलाही तसंच वाटू लागलं होतं. मग पाचव्या भेटीत तिने खाली मान घालून सांगितलं की तिचं एक वेगळं खातं आहे. अकरा वर्षांपासूनचं. दर महिन्याला त्यात पगारातला एक तुकडा जातो, आणि नवऱ्याला त्याचा पत्ता नाही. त्यातून तिने कधीच काही काढलेलं नाही. घरात जिला उधळी म्हणत होते, तिने नवऱ्यापेक्षा जास्त शिस्तीने पैसे साठवले होते.

मला वाटलं, त्याला हायसं वाटेल. तो पांढराफटक पडला. "उडवले असतेस तर परवडलं असतं," तो म्हणाला. "हे म्हणजे तू जायची तयारी करून ठेवल्यासारखं आहे."

"जायची नाही रे. विचारावं लागू नये याची."

ती भेट आम्ही तिथेच थांबवली. काही भेटी अर्ध्यावर सोडलेल्याच बऱ्या.

इथे एक सावधगिरीची सूचना. प्रत्येक लपवालपवी अशी निरुपद्रवी नसते. कर्ज वाढतंय, घेतलेल्या वस्तू न उघडताच पडून आहेत, खरेदी करून झाली की लगेच अपराधी वाटतं आणि तरी हात थांबत नाही, असं असेल तर तो स्वभावाचा नाही, उपचाराचा विषय आहे. आणि तो 'बायकांचा आजार' मुळीच नाही. लॉरिन कोरन आणि सहकाऱ्यांनी 2006 साली छापलेल्या पाहणीत अमेरिकेतल्या 2,513 प्रौढांना फोन करून प्रश्न विचारले होते. अनावर खरेदीचं प्रमाण बायकांत 6 टक्के, पुरुषांत 5.5 टक्के निघालं. मदत मागायला मात्र बायकाच जास्त येतात, म्हणून दवाखान्यात त्याच दिसतात. पुरुषांच्या अशा खरेदीला छंद किंवा संग्रह म्हणायची सोय आहे.

या दोघांचं पुढे काय केलं? फार काही नाही. दोघांच्या पगारातून घराचं एक खातं आधी भरायचं. त्यानंतर दोघांना सारखीच रक्कम, जास्त कमावतो म्हणून जास्त नाही. या रकमेला आम्ही नाव दिलं 'बिनहिशेबी'. त्या रकमेबद्दल कुणी कुणाला काही विचारायचं नाही. "कितीला पडलं?" हेसुद्धा नाही. सारख्या रकमेवरून त्याने तीन आठवडे घासाघीस केली. आणि एका ठरावीक आकड्याच्या वरचं काहीही घरात यायचं असेल तर दोघांनी आधी बोलायचं, मग ती वस्तू लेन्स असो की पडदे. तिचं जुनं खातं तिचंच राहिलं. फक्त आता ते त्याला माहीत आहे, आणि त्यावरून तो अजूनही मधूनच टोमणा मारतो. खोटं कशाला सांगू, सगळं काही मिटलेलं नाही.

शेवटच्या भेटीला दोघं एकत्र आले. बोलता बोलता त्याने सवयीने पायावर पाय टाकला. बूट नवे होते. तळव्याला एक पांढरं लेबल चिकटलेलं, अर्धं नखाने खरवडलेलं, अर्धं तसंच.

आधी तिच्या नजरेस पडलं. "कितीला पडले रे?"

त्याने पाय खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बिनहिशेबी," तो म्हणाला.