टोकियोची जपानी शिकलेल्याला ओसाकाची बोली कळते का?

बरीचशी कळते, पण सुरुवातीला कान गोंधळतात. 'कळत नाही' म्हणायला टोकियोत 'वाकारानाइ', ओसाकात 'वाकाराहेन'. वाक्याच्या शेवटी 'आहे' अशा अर्थाच्या 'दा'च्या जागी 'या' येतो. खरी अडचण सुरांची. टोकियोत 'हाशी'मधला 'हा' चढवून म्हटला तर जेवायच्या काड्या, ओसाकात तसाच म्हटला तर पूल! संदर्भावरून निभावतं.

उत्तरेला आओमोरीकडची त्सुगारू किंवा पार दक्षिणेची कागोशिमाची बोली मात्र टोकियोकरांनाही जड जाते.

दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवरच्या भाषांना तर कृपया बोली म्हणू नका. युनेस्कोने २००९ मध्ये त्यांची नोंद धोक्यात आलेल्या स्वतंत्र भाषा म्हणूनच केली. एकेकाळी तिथल्या शाळांत घरची भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून पाटी अडकवत. फार वाईट वाटतं त्याचं.