गरब्यात मुरगळलेला घोटा: सूज गेली, मग उकिडवं का बसता येत नाही?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. नवरात्रात गरबा खेळताना पाय आत मुरगळला, एक्स-रे साफ आला, तीन आठवडे प्लास्टरचा स्लॅब होता. आता दांडिया बाजारातून मंगळबाजारापर्यंत चालता, पण उकिडवं बसलं की घोट्यात पुढून चिमटा बसतो आणि डॉक्टर म्हणतात कॅप्सूल आखडलंय. बडोद्यात दसऱ्यानंतर असे घोटे दरवर्षी दिसतात.

कॅप्सूल म्हणजे सांध्याभोवतीची पिशवी. वर नडगीच्या दोन हाडांच्या कडांना, खाली टॅलस या घोट्यातल्या हाडाला चिकटलेली. पुढे-मागे ती पातळ आणि सैल असते, नाहीतर पाऊल वर-खाली होणारच नाही. बाजूंनी लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे, तिला आवळून धरतात. पाय आत वळला की पहिला मार बसतो तो बाहेरच्या घोट्याच्या पुढच्या लिगामेंटला, आणि ते पिशवीत मिसळलेलंच असतं. त्यामुळे पिशवीचं आतलं अस्तरही सुजतं आणि पाय बांधून ठेवला की आखडतं.

उकिडवं बसताना टॅलस मागे सरकावं लागतं. मागची बाजू घट्ट असेल तर ते अडतं आणि पुढचं जाड झालेलं अस्तर हाडांत चेपलं जातं. तोच तुमचा चिमटा.

घरीच बघा: भिंतीसमोर पाऊल ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा, अंगठा भिंतीपासून किती लांब ठेवता येतो ते दोन्ही पायांचं ताडून बघा. ताण मागे पोटरीत आला तर स्नायूचा भाग जास्त; पुढे चिमटा आला तर सांध्याचा. चिमटा असताना जोर लावून ताणू नका, अस्तर आणखी चिडतं. फिजिओथेरपिस्ट टॅलस हाताने मागे ढकलून सांधा मोकळा करतात. ते आधी, ताणणं नंतर. मालिशवाल्याकडून घोटा 'बसवून' घेण्याच्या फंदात तर अजिबात पडू नका, काही निखळलेलंच नाहीये.

पाय सपाट रस्त्यावरही अचानक वळत असेल तर तो आखडलेपणा नव्हे, ढिलेपणा. त्याला एका पायावर तोल सांभाळायचा व्यायाम लागतो. दोन्ही एकाच घोट्यात असू शकतात.

सांधा लाल, गरम होऊन ताप आला तर व्यायाम बंद, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.