पुस्तक संपवायची घाई नको

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

मनाला उभारी देणाऱ्या दहा पुस्तकांची यादी तू मागितली आहेस. त्याच पत्रात तू हेही लिहिलं आहेस, की अशी पाच पुस्तकं घरात आहेत, वाचताना फार बरं वाटतं आणि आठवड्याभरात सगळं पूर्ववत होतं. मग सहाव्याचंही तेच होईल. म्हणून यादी देत नाही. आहेत त्या पाचांतलं एक पुस्तक कामाला कसं लावायचं, तेवढं लिहितो.

आधी त्या बरं वाटण्याबद्दल. ते खोटं नसतं, पण ते फसवतं. पुस्तकात स्वतःचं बदललेलं रूप दिसलं की मनाला वाटतं, निम्मं काम झालं. गॅब्रिएले ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर बरीच वर्षं काम केलं आहे. वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांच्या त्यांच्या अभ्यासात, ज्यांची स्वप्नं जास्त गुलाबी त्यांचं वजन इतरांपेक्षा कमीच घटलं. ‘हे मला जमेल’ असा सबळ अंदाज उपयोगी पडला, नुसतं रंगवलेलं चित्र मात्र आड आलं. तेव्हा पुस्तक मिटताना मन भरून आलं असेल, तर आज केलं काय, हे स्वतःला तिथल्या तिथे विचारावं.

आता निवड. पाचही पुस्तकं समोर घे आणि प्रत्येकाचं मधलं एखादं प्रकरण उघड. पहिलं प्रकरण नको, ते नेहमीच छान असतं. दहा पानांत तीन गोष्टी शोध: उद्या करता येईल अशी एखादी कृती आहे का, ती किती वेळ आणि केव्हा करायची ते सांगितलं आहे का, आणि ती जमली नाही तर काय करायचं याचा उल्लेख आहे का. यातलं एकही नसेल, तर ते पुस्तक नुसतं धीर देणारं आहे. त्यालाही जागा आहे, पण काम त्याच्याकडून होणार नाही. आणि ‘तुझ्यावर जे ओढवलं ते तुझ्याच विचारांमुळे’ असं सुचवणारं पुस्तक मात्र बाजूला ठेव. आजारी किंवा नोकरी गेलेल्या माणसाच्या डोक्यावर असं पुस्तक आणखी एक ओझं ठेवतं.

धीर देणाऱ्यांत व्हिक्टर फ्रँकल यांचं ‘मॅन्स सर्च फॉर मीनिंग’ मी सर्वांत वर ठेवतो. चार छळछावण्यांतून जिवंत परतलेल्या या मनोविकारतज्ज्ञाने ते नऊ दिवसांत सांगून लिहवून घेतलं आणि १९४६ साली ते जर्मनमध्ये आलं. त्यात एकही स्वाध्याय नाही, आणि दुःख गोड करून सांगितलेलं नाही. कामाला लावणाऱ्यांत डेव्हिड बर्न्स यांचं १९८० चं ‘फीलिंग गुड’. आरन बेक यांच्या विचारपद्धती बदलणाऱ्या उपचारावर ते उभं आहे, आणि सौम्य ते मध्यम नैराश्य असलेल्या लोकांना ते चार आठवडे वाचायला देऊन त्याची चाचणी झाली आहे. वाचणाऱ्यांना न वाचणाऱ्यांपेक्षा आराम पडला. मात्र त्या चाचण्यांत वाचकांना आठवड्यातून एकदा छोटासा फोन जायचा. तो तपशील लक्षात ठेव, शेवटी लागणार आहे.

वाचायची रीत अशी. रोज दहा पानं, हातात पेन्सिल, शेजारी वही. पहिला स्वाध्याय आला की वाचन थांबव आणि सात दिवस तोच कर. पुढचं पान त्यानंतर. या चालीने दोनशे पानांच्या पुस्तकाला दोन महिने सहज लागतात, आणि ते योग्यच आहे. वेळ एखाद्या ठरलेल्या कामाला बांध: ‘दात घासून झाले की वही उघडायची.’ रात्री अंथरुणात नको. थकलेलं डोकं वाचतं, पण लिहीत नाही.

या साऱ्या पुस्तकांतला सर्वांत कामाचा स्वाध्याय तीन रकान्यांचा आहे. पानाचे तीन उभे भाग कर. डावीकडे मनात आलेला विचार, जसाच्या तसा: ‘मुलाखतीत अडखळलो, मला काहीच येत नाही.’ त्याच्यापुढे, त्यावर किती विश्वास बसतो ते शंभरपैकी आकड्यात. मधे त्यातली चूक: एका प्रश्नावरून सगळं ठरवलं. उजवीकडे उत्तर: ‘बारा प्रश्नांपैकी एकाला अडखळलो. तो भाग उद्या पुन्हा वाचायचा.’ मग डावीकडच्या विचाराला पुन्हा गुण दे. नव्वदाचे साठ झाले तरी पुष्कळ झालं. शून्याची अपेक्षा धरू नकोस. पंधरा मिनिटांत हे होतं.

हे बिघडतं दोन ठिकाणी. डावीकडे लोक ‘खूप वाईट वाटलं’ असं लिहितात. ती भावना झाली. तिच्यामागचं वाक्य पकडायला हवं, कारण उत्तर वाक्यालाच देता येतं. दुसरं म्हणजे उजवीकडे स्वतःची स्तुती लिहितात: ‘मी हुशार आहे, मी जिंकणारच.’ ती मन मानत नाही. जोआन वुड आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या प्रयोगात ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य स्वतःशी घोकल्यावर, ज्यांना मुळातच स्वतःबद्दल कमी वाटत होतं त्यांना उलट अधिक वाईट वाटलं. म्हणून आरशासमोरच्या घोषणा तुला नकोत. त्याऐवजी, हाच प्रसंग जवळच्या मित्रावर आला असता तर तू त्याला काय म्हणाला असतास, ते त्याच शब्दांत लिही. मनाजोगतं वाक्य बहुतेक तिथेच सापडतं. आणि हे कागदावरच कर. डोक्यातल्या डोक्यात तोच विचार फिरून फिरून येतो.

कृतज्ञतेची वही आठवड्यातून एकदाच पुरे. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्याला एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. रोज लिहिलं की ते पाठांतर होतं. ज्यांबद्दल आभार मानावेसे वाटतात अशा तीन गोष्टी, प्रत्येकीपुढे ‘ही का घडली’ याचं एक वाक्य.

स्वतःची काळजी घेण्याच्या प्रकरणात दहा-बारा कलमं असतील. एकच उचल. मी उठण्याची वेळ ठरवायला सांगेन, सुट्टीच्या दिवशीही तीच, कारण ती जुळली की झोप हळूहळू मागोमाग येते. एकवीस दिवसांत सवय लागते, हे वाक्य तुला भेटेलच. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात आहे. नव्या चेहऱ्याशी जुळवून घ्यायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. फिलिपा लॅली यांनी रोजच्या सवयी प्रत्यक्ष मोजल्या, तेव्हा मधला आकडा ६६ दिवसांचा आला, आणि माणसागणिक फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. बाविसाव्या दिवशी हिरमुसून वही टाकू नकोस.

एक गोष्ट मात्र नीट ऐक. सलग दोन आठवडे, दिवसातला बराच वेळ, मन खाली राहिलं किंवा कशातच रस उरला नाही, झोप-भूक बिघडली, कामं अडली, तर पुस्तक बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटलं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला कुणाला तरी सांग. मला सांगितलंस तरी चालेल, वेळ कोणतीही असो.

आता तो आठवड्याचा फोन. पुस्तक निवडलंस की कळव. दर रविवारी सकाळी मी पाच मिनिटं फोन करेन. वही हाताशी ठेव. किती पानं झाली हे विचारणार नाही, डावीकडचं एक वाक्य आणि त्याचे दोन आकडे तेवढे वाचून दाखव.

तुझा हितचिंतक