बीकॉमनंतर मुंबईत बिझनेस अ‍ॅनालिस्ट होता येईल का?

निश्चित येईल. किंबहुना वाणिज्य शाखेची पार्श्वभूमी मुंबईत अडचण नसून भांडवल ठरते, कारण येथील बँका, विमा कंपन्या आणि दलाली पेढ्यांना संगणकाइतकाच व्यवहारही समजणारा माणूस हवा असतो. जानेवारी २०२३ अखेर शेअरसौद्यांची पूर्तता पुढच्याच कामकाजाच्या दिवशी होऊ लागली, तेव्हा पैसे केव्हा वळते होणार, बॅक ऑफिसचा कोणता अहवाल बदलणार आणि सौदा जुळला नाही तर पुढे काय, हे कोणाला तरी बसून ठरवावे लागले. ते नेमक्या शब्दांत लिहून काढणे आणि प्रोग्रामरला समजावणे हेच या पदाचे काम.

एक्सेल आणि एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा) शिकावेच लागेल. बिझनेस अ‍ॅनालिस्टना प्रमाणपत्र देणाऱ्या आयआयबीए या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ईसीबीए या प्रवेशस्तरीय परीक्षेला पूर्वानुभवाची अट नाही, मात्र सीबीएपी या वरच्या पातळीच्या परीक्षेला ७,५०० तासांचा अनुभव लागतो. महागड्या क्लासची घाई मात्र करू नये, असे माझे मत आहे. त्याऐवजी ऐरोली किंवा अंधेरीत ऑपरेशन्स (रोजचे व्यवहार हाताळणे) वा सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी मिळाली तरी घ्यावी (पगार सुरुवातीला मनासारखा नसेल), कारण तेथून अंतर्गत बदलीने या पदावर जाणे बाहेरून थेट शिरण्यापेक्षा बहुधा सोपे असते.