ताटातली भाकरी काढू नका
आहाराविषयी वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न : वय ४३, उंची ५ फूट २ इंच, वजन ७६ किलो. मागच्या वर्षी ओळखीच्या एका बाईंच्या सांगण्यावरून मी भाकरी, भात, दूध सगळे बंद केले आणि दोन्ही वेळा पाण्यात कालवून घ्यायच्या पावडरीवर राहिले. अडीच महिन्यांत ९ किलो वजन उतरले, पण केस मूठमूठ गळू लागले आणि चक्कर येऊ लागली, म्हणून ते सोडले. सहा महिन्यांत उतरलेले सगळे वजन परत आले. घरात सासूबाई, नवरा, दोन मुले आणि मी अशी पाच माणसे. महिन्याला ५ किलो तेल लागते, आणि मी दिवसातून चार वेळा दोन-दोन चमचे साखर घातलेला चहा घेते. घरचे म्हणतात, मला पथ्य पाळता येत नाही. — एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ताई, आपल्याला पथ्य पाळता येत नाही, हा घरच्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही. आपण अडीच महिने भुकेल्या राहून चार माणसांचा स्वयंपाक केला आहे. निग्रह कमी पडला असे म्हणणे आपल्यावर अन्याय करणारे आहे. चूक त्या आहारातच होती.

अन्न एकदम तोडले की शरीर प्रथम यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर वापरते आणि त्या साखरेने धरून ठेवलेले पाणी बाहेर पडते, त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत काट्यावर दिसणारी मोठी घसरण बरीचशी पाण्याची असते. पुढे चरबी वितळते हे खरे, पण पोटात पुरेशी प्रथिने जात नसतील तर तिच्याबरोबर स्नायूही झिजतात. त्यातच वजन उतरलेल्या शरीराला पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा पुरते आणि भूक मात्र वाढलेली असते. अशा शरीराला पुन्हा जुने जेवण मिळाले की वजन परत येणारच. केस गळणे हाही अशा उपासमारीचाच परिणाम असतो आणि पोटभर, प्रथिनयुक्त जेवण सुरू झाल्यावर काही महिन्यांत ते बहुधा भरून येतात. तरीही एकदा हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी, कारण चक्कर आणि केस गळणे यांमागे ही कारणेही असू शकतात.

भाकरीवरचा आरोप मात्र मी अजिबात मान्य करणार नाही. साधारण ६० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या एका भाकरीत सुमारे २०० कॅलरी, ६ ग्रॅम प्रथिने आणि भरपूर तंतू असतात, आणि तिच्यासोबत घट्ट वरण किंवा मटकीची उसळ व पालेभाजी असेल तर दुपारी जेवलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत फारशी भूक लागत नाही. आपल्या पत्रातल्या आकड्यांत मला अडचण दिसते ती दुसरीकडे. पाच माणसांत ५ किलो तेल म्हणजे माणशी रोज सुमारे ३३ ग्रॅम, आणि तेलाच्या प्रत्येक ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात. करडईचे घाण्यावरचे तेल बाधत नाही, असे आपल्याकडे मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. ते चांगले तेल आहे यात शंका नाही, पण कॅलरीच्या हिशेबात करडई, शेंगदाणा, सोयाबीन आणि तूप यांच्यात काही फरक नाही. आमटीवरची तर्री, ठेच्यावर ओतलेले कच्चे तेल आणि भाकरीबरोबरचा भुरका यांतून ते नकळत पोटात जाते. महिन्याला ३ किलोच तेल आणायचे असे ठरवले, की माणशी रोजचे प्रमाण २० ग्रॅमवर येते आणि प्रत्येकाच्या सुमारे ११५ कॅलरी वाचतात. सासूबाईंना आणि नवऱ्यालाही त्याचा लाभ होईल, म्हणून हा बदल आपल्या एकटीच्या पथ्याचा न ठेवता घराचा ठेवावा. चहा चारऐवजी दोन वेळा आणि साखर एकेक चमचा केली, तर आणखी १२० कॅलरी कमी होतील.

आता जे आपण लिहिलेले नाही, पण मी अनेक घरांत पाहिले आहे, ते विचारते. सगळ्यांची जेवणे झाल्यावर रात्री दहाच्या सुमारास, उभ्या उभ्या, पातेल्यातले उरलेले आपण संपवता का? १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या सासूबाईंच्या घरात अन्न टाकवत नाही, आणि ते टाकूही नये; परंतु ते न टाकण्याची जबाबदारी एकट्या सुनेच्या पोटावर का असावी, याचा विचार घरातल्या सर्वांनी करायला हवा. एक उरलेली भाकरी म्हणजे पुन्हा २०० कॅलरी. तेव्हा पीठ मोजून घ्यावे, उरलेच तर झाकून ठेवून सकाळी ताकात कुस्करून सगळ्यांनी मिळून न्याहारीला खावे, आणि आपले ताट इतरांच्या बरोबरीने, वेळेवर वाढून घ्यावे. माझ्या मते आपल्यासाठी सर्वांत मोठा बदल हाच ठरेल.

या तीन गोष्टींची बेरीज करून पाहा : दिवसाला चारशेहून अधिक कॅलरी कमी झाल्या आणि ताटातली आपल्या वाटणीची भाकरी तशीच राहिली. या वेगाने सुरुवातीला महिन्याला दीड किलोच्या आसपास वजन उतरेल, पुढे वेग मंदावेल, आणि सहा महिन्यांत ४ ते ७ किलो उतरले तर ते उत्तम समजावे, कारण वजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली तरी रक्तदाब आणि रक्तातील साखर यांवर चांगला परिणाम दिसतो. काट्याबरोबर कंबरही मोजत जावी. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटरच्या आत ती असणे चांगले. रोज अर्धा तास भरभर चालावे.

प्रश्न : जालन्याच्या मोंढ्यात माझे अडत दुकान आहे. वय ५१, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. दिवसभर बैठक असल्याने पोट सुटले आहे. दुपारचे जेवण पूर्ण बंद केले तर चालेल का? — एक वाचक, जालना

उत्तर : भाऊ, आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे कृपया करू नका. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने जेवण चुकवले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. अचानक घाम, हातपाय थरथरणे, धडधड किंवा गोंधळल्यासारखे होणे, यांपैकी काहीही झाले तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच घ्यावी आणि नंतर जेवावे. आहार कमी केल्यावर गोळ्यांचे प्रमाणही बदलावे लागते, आणि ते डॉक्टरांनीच बदलायचे असते. दुपारी घरचा डबा आणावा : दोन भाकरी, उसळ, काकडी, कांदा आणि ताक. त्याऐवजी बंद करायचेच असेल, तर गिऱ्हाइकाबरोबर दर तासाला येणारा गोड चहा आणि गल्ल्याशेजारी ठेवलेला फरसाण बंद करावा.

प्रश्न : मी सोमवार, गुरुवार आणि दोन्ही एकादशा धरते, तरी वजन वाढतेच आहे. असे का होते? — एक वाचक, परभणी

उत्तर : ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी अनुभवानेच केली असणार. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचे कूट आणि दोन चमचे तूप यांची खिचडी ६०० कॅलरींपर्यंत जाते आणि दोन-तीन तासांत पुन्हा भूक लागते. उपवास श्रद्धेचा आहे, तो सोडावा असे मी सांगणार नाही. त्या दिवशी वाटीभर भगर, शेंगदाण्याची पातळ आमटी, ताक, एखादे उकडलेले रताळे आणि मोसमात मिळेल ते पेरू किंवा मोसंबी असे एक व्यवस्थित जेवण घ्यावे, दुसऱ्या वेळी दूध आणि फळ, आणि उपवासाचा म्हणून विकला जाणारा तळलेला चिवडा घरात आणू नये.